पांढरं मागितलं तर गुलाबी मिळेल

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्या नवऱ्याला सगळे रंग दिसतात. लाल दिसतो, हिरवा दिसतो, गुलाबी तर दिवे गेले तरी दिसतो. नवीन जालन्यातल्या त्या कापड दुकानाचा शेठ रंगांधळा आहे आणि त्याच्या हातच्या चुकांमुळं भल्याभल्यांच्या अंगावर रंग चढले, अशी जी गोष्ट बदनापुरापासून अंबडपर्यंत सांगतात, ती साफ खोटी आहे. ती मी तयार केली. एका म्हाताऱ्याला शब्द दिला होता म्हणून इतकी वर्षं गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, हे आमच्या दुकानाची पायरी चढलेल्या कुणालाही विचारा. म्हातारा या उन्हाळ्यात गेला. शब्दही त्याच्याबरोबर गेला. आता माझं ऐका.

मी अंबडकडची. लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा हे एका बियाणं कंपनीत निवडणीवर होते. समोरून दाणे वाहत जायचे आणि त्यातला वेगळ्या रंगाचा दाणा हे बोटानं उचलून बाजूला टाकायचे. म्हणजे ज्याला सारा जिल्हा रंगांधळा म्हणतो, त्या माणसाचं पोट रंग ओळखण्यावर चालत होतं. हे ध्यानात ठेवा.

मी तेव्हा पिशवीत परकर आणि ब्लाउजपीस घेऊन बदनापूरच्या बाजारात बसत असे. भाव करायला मी तिथं शिकले. बाईनं पीस खाली ठेवला म्हणजे ती निघाली असं नसतं. पीस ठेवून ती पदर सावरते, तेव्हा ती निघाली. पदराला हात जायच्या आत भाव उतरवायचा, त्याआधी उतरवला तर आपण येडे. पिशवीचं गाठोडं झालं, गाठोड्याची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं. दुकान झाल्यावर हे नोकरी सोडून गल्ल्यावर येऊन बसले आणि त्या दिवसापासून मी शेठची बायको झाले. माल मी आणते, भाव मी ठरवते, भांडते मी, आणि जाताना लोक यांना हात जोडतात, "येतो, शेठ." ही माझी पहिली तक्रार. दुसरी पुढं येईल.

ज्यांना बस्ता माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं एक दिवस ठरवून टेम्पो करून कापड दुकानात येतात. नवरीच्या शालूपासून नवऱ्याच्या मामेभावाच्या टॉवेल-टोपीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात. चहा दुकानदाराचा, बहुतेक वेळा जेवणही. शेवटी सगळं कापड बांधून त्याला हळदकुंकू लावतात आणि नारळ फोडतात. त्या ढिगात दोन जातींचं कापड असतं, देण्याचं आणि अंगाचं. देण्याचं कापड कुणीच घालत नाही. ते एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरतं. मी विकलेला एक सफारीचा पीस माझ्याच भाच्याच्या लग्नात मला आहेर म्हणून परत आला, घडीसुद्धा माझ्याच हातची होती. अंगाच्या कापडाला मात्र दिवस जातो, कारण ज्याच्या अंगावर चढायचं त्याला सोडून बाकी सगळे ते निवडतात. नवरीला कोणता रंग आवडतो ते नवरीची आत्या सांगते. नवरी भिंतीला टेकून मोबाइल बघते.

पुरुषांचं त्याहून सोपं.

"काय दाखवू?"

"पांढरा."

"त्यात काही वेगळं?"

"पांढऱ्यातच."

थोडी जमीन आणि थोडा मान असला की आमच्याकडचा पुरुष पांढऱ्यात शिरतो तो बाहेर येत नाही. कापसाच्या गंजीपुढं फोटो काढला तर नुसती डोकी दिसतील. दुधाळ पांढरा, निळसर पांढरा, स्टार्चचा कडक पांढरा, असे सगळे पांढरे विकताना मला जांभया यायच्या.

बापू हे या पांढऱ्यांमधले सगळ्यात पांढरे. बदनापूरजवळच्या एका गावचे. पूर्वी सरपंच होते, आणि पद गेल्यावरही गावाचे तंटे त्यांच्याच ओसरीवर सुटायचे. अंगानं एवढे मोठे की दुकानात शिरताना वाकायचे. काळा तुकतुकीत वर्ण, पांढऱ्या मिशा, पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. त्या घरातले सगळे पुरुष लग्नाकार्यात पांढरंच घालणार, असा नियमच होता.

एका दुपारी ते एकटेच एसटीनं आले. हे विशेष होतं, कारण बापू कुठंही निघाले की बरोबर दोन-चार माणसं असायची.

"बाई, नातीचं लग्न काढलंय. बस्ता मोठा हाय."

"या की बापू. कधी आणता मंडळी?"

"मंडळी नंतर. आधी मला गुलाबी दाखवा."

"नवरीला?"

"मला."

मी दाराकडं पाहिलं, कुणी ऐकतंय का म्हणून. का पाहिलं ते मलाही कळलं नाही. मग शर्टाच्या कापडाचा एक गुलाबी तागा काढला.

"हा ल्हान पोराचा हाय," बापू म्हणाले. मी दुसरा काढला. "हा मिठाईचा."

तेव्हा मी बसल्या जागेवरून त्यांच्याकडं नीट पाहिलं. आमच्या धंद्यातलं खरं काम हेच आहे, बाकी सगळं फाडणं आणि घड्या घालणं. काळ्या माणसाला लोक गडद रंगात गाडतात, ते चूक आहे. मी अगदी खालच्या फळीवरून कांद्याच्या आतल्या सालीसारखा फिका गुलाबी काढला आणि त्यांच्या छातीवर टाकला. बापू आरशासमोर गेले. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून, मग टोपी काढून बघितलं.

"गुलाबीच का, बापू?"

"कारण लागतं का? तुम्ही ही साडी का नेसली, मी इचारलं का?"

साडी मी नेसले होते कारण ती कुणी घेतली नव्हती. दुकानवालीच्या अंगावर जे असतं ते गिऱ्हाइकांनी नाकारलेलं असतं. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

"फाडू का मग?" मी म्हटलं.

बापू गादीवर बसले. एवढा मोठा माणूस, पण आवाज बारीक झाला.

"आमचा थोरला, दत्ता, वाट पाहून राह्यला, बाई. मागं मी चहात दोनदा साखर घातली, तर ह्यानं गावभर केलं, बापूचं आता काही खरं न्हाई. कारभार त्याला आजच पाह्यजे. ओसरीवर बी त्यालाच बसायचंय. मी माझ्या मनानं गुलाबी घेतला ना, तर दुसऱ्या दिशी मला धरून डॉक्टरकडं नेईल. आणि गाव म्हणंल, बराबर केलं."

"मग नका घेऊ."

"घालायचा तर हाय."

"मग काय करायचं?"

"चूक झाली पाह्यजे," बापू म्हणाले. "मी पांढरा मागितला आणि गुलाबी आला. आता माझा काय दोष?"

"माझ्या दुकानात चूक होत न्हाई."

"म्हणून तुमची कुणी मानणार बी न्हाई. शेठची करा."

आम्ही दोघांनी गल्ल्याकडं पाहिलं. हे बशीतल्या चहावर फुंकर मारत होते. फुंकर थांबली.

"शेठला रंग दिसत न्हाईत, असं म्हणा," बापू म्हणाले.

"अहो, मी निवडणीवर होतो," हे म्हणाले. "दाण्यातला दाणा..."

"ते कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं.

यांच्याशी बोलणं तिथंच संपलं. बापूंशी मात्र सौदा करायचा होता. मी सांगितलं, बस्ता पुरा माझ्याकडं बांधायचा, शालूसकट, समोरच्या दुकानाची पायरी चढायची नाही. बापू म्हणाले, शालू तिकडंच घ्यावा लागेल, दत्ताच्या सासऱ्याची तिथं ओळख आहे. मी म्हटलं, मग गुलाबी पण तिकडंच मागा. बापू उठले. टोपी घातली. पण टोपी सरळ केली नाही, तेव्हा मला कळलं की हे निघालेले नाहीत. मी ताग्याची घडी घालायला घेतली.

"शालू तुमच्याकडं," बापू दारातून म्हणाले. "पण मी हाय तवर ह्यातलं एक अक्षर बाहेर जायचं न्हाई. कुणापाशीच."

"कबूल," मी म्हटलं. मला वाटलं, मी जिंकले. त्या शब्दाचा भाव मी तेव्हा केलाच नाही.

बस्त्याचा दिवस आला. दोन टेम्पो, गादीवर जागा नाही, चपला रस्त्यापर्यंत. दत्ता कडक इस्त्रीत, खिशाला पेन, कानाला फोन. बापूंचं कापड त्यानं स्वतः बोटांनी चोळून निवडलं. "बापूला हाच. लोकांत उठून दिसलं पाह्यजे." बापू मान हलवत गंभीर बसले होते. चेहऱ्यावर काहीच नाही. असं गिऱ्हाईक रोज आलं असतं तर माझं दिवाळं निघालं असतं.

घोळ घातला तो आमच्या ह्यांनी. चूक आधीपासून पटली पाहिजे म्हणून हे सकाळपासून तयारीला लागले होते. लाल टॉवेल हातात घेऊन मोठ्यानं विचारायचे, "हा पांढरा ना गं?" मोरपंखी शालू दाखवताना म्हणाले, "हा केशरी बघा." नवरीची आत्या घाबरून माझ्याकडं बघायला लागली. मी गादीखालून चिमटा काढला तेव्हा हे थांबले. मग दत्ताची पाठ वळल्यावर ह्यांनी कांद्याच्या सालीचा तागा काढला, फाडला आणि बापूंच्या मापासकट आमच्या टेलरकडं दिला. टेलरला एवढंच सांगितलं होतं, शेठनं जे दिलं ते शिवायचं.

लग्नाला आम्हाला आमंत्रण होतं. ह्यांनी सकाळी ताप आल्याचं सांगून बघितलं. मी अंगाला हात लावला आणि म्हटलं, कपडे घाला.

त्या घरात त्या दिवशी सगळे पुरुष पांढरे. मुहूर्त जवळ आला तसा बापूंनी खोका उघडला आणि "हे काय?" असे ओरडले की मांडवातली कुत्री उठली. दत्ता धावत आला. सदरा उलटसुलट करून बघितला, जणू आतून पांढरा निघेल.

"दुसरा घाला, बापू! कपाटातला घाला!"

कपाटात एकही सदरा नव्हता. आदल्या दिवशी बापूंनी स्वतःच्या हातानं आपले झाडून सगळे सदरे टबात भिजायला घातले होते आणि वर नीळ जरा जास्त सोडली होती. लग्नाआधी कपडे धुवायला काढणाऱ्या माणसावर कोण शंका घेईल? दत्तानं स्वतःचा सदरा काढून बापूंना चढवायचा प्रयत्न केला. बाही कोपरापाशी अडकली, ओढून काढताना उसवली. धाकट्याचा घातला, तो काखेत फाटला. बाहेर ताशा वाजायला लागला.

"मंग आता उघडाच बसू का?" बापू म्हणाले आणि फाशी चाललेल्या माणसाचं तोंड करून त्यांनी तो सदरा अंगात घातला.

बापू मांडवात आले. ताशावाल्यानं एक ठोका चुकवला. एवढे पांढरे बसले होते आणि त्यांच्यामधून तो काळा, उंच, पांढऱ्या मिशांचा, गुलाबी माणूस चालत गेला. हसू येऊ नये म्हणून बापूंनी कपाळाला इतक्या आठ्या घातल्या होत्या की लोकांना वाटलं, भयंकर चिडलेत. नवऱ्याकडची एक म्हातारी तेवढी बोलली, "अगं बाई, व्याही तर कवळे दिसून राह्यले!" मग जे मोबाइल वर झाले ते खाली येईनात. अक्षता पडेपर्यंत बापू अर्ध्या तालुक्याच्या स्टेटसला होते.

दत्ता आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या अंगावर नुसता बनियन होता, कारण सदऱ्याची बाही बापूंनी उसवली होती.

"शेठ, हा कोणता रंग हाय?" त्यानं बापूंकडं बोट केलं.

सगळा मांडव बघत होता. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी वर छताकडं पाहिलं.

"पांढरा," हे म्हणाले.

"आणि हा?" दत्तानं शेजारच्या माणसाचा पांढराशुभ्र सदरा ओढला.

ह्यांनी वाकून बघितलं. "हा जरा मळखाऊ वाटतो."

मांडव हसून लोळला, आणि आमचं दुकान त्या दिवशी रंगांधळं झालं.

बापूंनी पुढं तो सदरा सोडला नाही. "पैसे मोजलेत. फेकून देऊ का आता?" असं म्हणून ते तो बाजाराला घालायचे, बँकेत घालायचे, ओसरीवर तंटा सोडवायलाही घालायचे. गुलाबी घालून त्यांनी दोन भावांचा बांधाचा वाद मिटवला, तेव्हा गावानंच म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे, फसवलं त्या दुकानवाल्यानं. दत्ताचा कारभार राहिला बाजूला. त्यानं आमच्या दुकानाचं नाव टाकलं, पुन्हा पायरी चढला नाही.

भोगलं आम्ही. समोरच्या दुकानवाल्यानं दाराला पाटी लावली, "येथे सर्व रंग ओळखून दिले जातात." मी रस्ता ओलांडून गेले आणि त्याच्या गिऱ्हाइकांसमोर त्याचीच एक साडी उलगडून सांगितलं की ही पहिल्या धुण्यात कोणकोणते रंग सोडेल. त्यानं पाटी काढली नाही, पण त्या दिवशी त्याची साडी खपली नाही. स्टेशनकडून येताना सिग्नलपाशी रिक्षावाले ह्यांना ओरडायचे, "शेठ, लाल हाय, थांबा!" ह्यांना सगळं दिसत असून थांबावं लागायचं, मग हिरव्यालाही कुणीतरी हात धरून पलीकडं न्यावं लागायचं. ओळखीचा एक डोळ्यांचा डॉक्टर हौसेनं ठिपक्यांचं पुस्तक घेऊन आला. त्यातल्या एकाही पानावरचा आकडा दिसतो असं म्हणायचं नाही, एवढं ह्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच पानाला हे "नाही" म्हणाले. डॉक्टर म्हणाला, "शेठ, हे पान रंगांधळ्यालाही दिसतं." हे म्हणाले, "मला जास्त आहे." घरी आल्यावर हे रात्री जेवले नाहीत. निवडणीवरच्या जुन्या सोबत्यानं फोन करून विचारलं होतं, "मंग तू इतकी वर्षं काय उचलून टाकत होतास?"

मी बापूंना निरोप पाठवला, शब्द परत घ्या. बापूंनी उलट निरोप पाठवला, शालू परत घ्या.

मला वाटलं, दुकान बसणार. तेवढ्यात अंबडचे एक हेडमास्तर आले. चाळीस पानांची वही तपासतात तसे गंभीर.

"काकू, पांढरा शर्टपीस द्या."

मी दिला. त्यांनी बघितला, चोळला, उजेडात धरला आणि हिरमुसले.

"हा पांढरा आहे, काकू."

"तुम्ही पांढराच मागितला."

"हो, ते खरं. शेठ नाहीत का आज?"

"आहेत की. आत आहेत."

"मंग असं करा ना," हेडमास्तर दाराकडं बघत म्हणाले, "तुम्ही जरा आत जा. शेठला काढू द्या. घाई काही नाही."

मी ह्यांना बाहेर धाडलं, स्वतः पडद्याआड गेले आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फटीतून मास्तरांकडं नीट पाहिलं. गोरे, जरा फिकुटलेले, मान बारीक. मी ह्यांना आतून खुणेनं सांगितलं, वरून तिसरा, बाटली हिरवा. ह्यांनी तो काढून मास्तरांसमोर टाकला. "घ्या, पांढरा."

"नक्की पांढरा ना, शेठ?"

"दुधासारखा."

मास्तर जवळजवळ पळतच गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी कपाळाला हात लावून सगळ्यांना सांगितलं म्हणे, "काय सांगू, त्या शेठनं फसवलं!" आणि मग महिनाभर फसलेलेच फिरत होते.

त्यानंतर रीघ लागली. पोस्टातला माणूस जांभळ्यात फसला. भजनी मंडळाचा पखवाजवाला डाळिंबीत फसला. एका वकिलाला फुलांचा शर्ट पाहिजे होता, पण फुलं म्हणजे रंग नव्हे, त्यामुळं ती चूक कशी बसवायची यावर आमचा अख्खा दिवस गेला. शेवटी ह्यांनी चष्मा विसरल्याचं ठरलं. आणि एक विधवा बाई भावाबरोबर आली. वय फार नव्हतं. भाऊ तिच्यासाठी राखाडी साडी घेत होता, तिनं त्या साडीकडं बघितलंही नाही, ह्यांच्याकडं बघितलं. फॉल-पिको करून साडी गेली ती पोपटी. भाऊ तणतणत परत आला. मी भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवलं, फॉल लावलेली साडी परत घेतली जाणार नाही. तो ह्यांना आंधळा म्हणाला. मी त्याला जे म्हणाले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. ती पोपटी साडी मी पुढं बाजारात, एसटीत, दवाखान्याच्या ओळीत कितीदा तरी पाहिली.

आता माझी दुसरी तक्रार. यातला एकेक रंग मी निवडला. कुणाच्या मानेला काय शोभेल, कुणाला किती झेपेल, कुणाला पहिल्यांदा निळा देऊन मग वर्षानं केशरीवर न्यायचं, हे सगळं पडद्याआडून मी बघितलं. आणि नाव झालं ह्यांच्या चुकीचं. "शेठच्या चुकीला तोड नाही," असं लोक म्हणायला लागले. समोरच्या दुकानवाल्यानंसुद्धा गल्ल्यावर आपला एक मेहुणा बसवून चुका करून बघितल्या. त्याच्या चुका लोकांना शोभल्या नाहीत. व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात ह्यांचा सत्कार झाला, आमच्या शहरात रंग आणल्याबद्दल. मी खुर्च्यांच्या चौथ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. शाल घातली ती राखाडी, देण्याची, आमच्याच दुकानातली. सूत्रसंचालकानं विचारलं, "शेठ, शालीचा रंग कसा वाटतो?" हे म्हणाले, "लाल छान आहे." अजून टाळ्या.

घरी मी भांडी आपटली. हे म्हणाले, "अगं, लोकांना चूक पाहिजे असते. तू चूक करत नाहीस, त्याला मी काय करू?"

बापू या उन्हाळ्यात गेले. सकाळी मी शटर अर्धं वर केलं होतं तेवढ्यात मोटारसायकल थांबली. दत्ता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अंगावर कालचाच सदरा, चुरगळलेला, पेन नाही.

"बापू गेले," तो म्हणाले... म्हणजे, म्हणाला. मी त्याला कधीच अहो-जाहो केलं नव्हतं, त्या दिवशी तोंडात आलं.

मी पाणी दिलं. तो गादीवर बसला. गावाहून येताना बदनापूर लागतं, बदनापुरात कापडाची दुकानं आहेत, सकाळी लवकर उघडतात. हे माझ्या मनात आलं, पण मी विचारलं नाही.

"काकू," तो खाली बघत म्हणाला, "तुम्ही जरा आत जा."

मी पडद्याआड गेले.

"शेठ, पांढरं द्या. बापूच्या अंगावर टाकायला."

हे उठले. फळीसमोर उभे राहिले. ह्यांचा हात वर गेला आणि नेमका मिठाईच्या गुलाबीवर पडला. बापूंना न आवडलेला. इतकी वर्षं झाली, ह्यांना कसं आठवणार? मी खोकले. हात खाली आला, मधल्या फळीवर थांबला. मी पुन्हा खोकले. हात सगळ्यात खालच्या फळीवर गेला. ह्यांनी तो तागा काढून दत्तासमोर उलगडला.

दत्तानं त्यावरून हात फिरवला. बस्त्याच्या दिवशी फिरवला होता तसाच, दोन बोटांनी चोळून.

"पांढरंच हाय ना, शेठ?"

"पांढरंच," हे म्हणाले.

"मंग ठीक हाय."

कापड फाडल्याचा आवाज झाला. मग दत्तानं भाव विचारला आणि ह्यांनी सांगितल्यावर म्हणाला, "जास्त सांगून राह्यले." ऐकल्याबरोबर मी बाहेर आले. आम्ही भांडलो. बापू भांडायचे तसाच तो भांडला, उठून दारापर्यंत गेला, परत आला, मी घडी घालायला घेतली, त्यानं ती माझ्या हातातून ओढली. डोळे दोघांचेही वाहत होते, पण भाव कुणी सोडला नाही.

दहाव्याला गावात गेले तेव्हा बायकांनी मला घेरलं. बापू कसे दिसत होते, चितेवर ठेवलं तेव्हा तोंडावर कसा उजेड पडला, सगळं सांगितलं. म्हणाल्या, काकू, शेठचा हात म्हणजे हात हाय, शेवटची चूक बी कशी बराबर केली.

शब्द संपला आहे म्हणून सांगते. तो गुलाबी कांद्याच्या सालीचा होता, आणि खोकले मी होते.